लाल अळीची ओळख: रंगाकडून दातांकडे

पहिल्या पावसात नळाला बांधलेलं फडकं सोडावं, तर त्यात कधीकधी एखादी लाल अळी वळवळत असते. सांगलीतल्या आमच्या शेजारच्या काकू तिला जंत म्हणतात, त्यांचा बारावीतला नातू डासाची अळी म्हणतो. दोघंही चुकतात. जंताला वेगळं डोकं नसतं. हिला तपकिरी, टणक, टाचणीच्या माथ्याएवढं डोकं असतं. डासाच्या अळीची छाती फुगीर असते आणि तिला पाय नसतात. हिचं अंग दोऱ्यासारखं, डोक्यामागे बिनसांध्याच्या आखूड पायांची एक जोडी, शेपटाशी दुसरी. ही कायरोनोमिड चिलटाची अळी. मोठेपणी ते डासासारखं दिसतं, दिव्याभोवती घोंगावतं, पण चावत नाही.

हिच्या ओळखीचा इतिहास उलट्या टोकापासून सुरू होतो. १७५८ मध्ये स्वीडनच्या निसर्गशास्त्रज्ञ लिनिअसने ‘प्लुमोसा’ म्हणजे पिसासारखी असं नाव दिलं, ते नराच्या झुबकेदार मिशा पाहून. आयुष्याचा बहुतेक काळ ही अळी म्हणूनच पाण्यात काढते, पण नाव पडलं पंखांच्या चार दिवसांवरून. पुढे माइगेन या जर्मन कीटकशास्त्रज्ञाने १८०० मध्ये या गटाला टेंडिपेस म्हटलं आणि १८०३ मध्ये कायरोनोमस! एका माणसाच्या या दोन नावांचा घोळ १९६३ साली, १८०० चा निबंध अधिकृतपणे बाद ठरवल्यावर मिटला.

भारतातही पंखवाल्यांपासूनच सुरुवात झाली. प्राणिशास्त्रज्ञ अ‍ॅनन्डेल यांनी सिमल्यात गोळा केलेली चिलटं कीफर या फ्रेंच धर्मगुरूने अभ्यासली आणि १९११ मध्ये वर्णन छापलं. त्याची वर्णनं फार त्रोटक, त्यामुळे पुढच्यांना डोकं खाजवावं लागलं. पण याच कीफरला जर्मनीचा जीवशास्त्रज्ञ थीनेमन अळ्या पाळून त्यातून निघालेली चिलटं पाठवत असे, आणि ही खरी कलाटणी. एकाच बरणीत अळीची कात, कोषाची कात आणि चिलट हाती लागलं की कोणती अळी कुणाची हे पक्कं होतं. थीनेमनने तर तळाशी कोणत्या अळ्या राहतात यावरून तळ्यांचेच प्रकार पाडले. तळाला प्राणवायू कमी असेल तर तिथे कायरोनोमस टिकते, कारण तिच्या अंगात हिमोग्लोबिन असतं. लाली त्याचीच.

पण लालीवर विसंबू नये. या कुळातल्या कित्येक अळ्या हिरवट किंवा पिवळसर असतात आणि लाल अळीही अल्कोहोलमध्ये ठेवली की पांढरी पडते. म्हणून अभ्यासक डोकं वेगळं काढतात, कॉस्टिक पोटॅशच्या गरम द्रावणात आतलं मांस विरघळवतात आणि काचपट्टीवर हनुवटीची बाजू वर करून बसवतात. सूक्ष्मदर्शकाखाली करवतीसारखी दातेरी पट्टी दिसते. तिच्या दोन्ही बाजूंना बारीक रेघांच्या, पंख्यासारख्या पट्ट्या असल्या तर अळी कायरोनोमसच्या उपकुळातली. पट्ट्या लहान, बिनरेघांच्या असतील तर ऑर्थोक्लॅडिइनी या दुसऱ्या उपकुळातली. मिशा डोक्यात ओढून घेता येत असतील आणि तोंडात दातेरी जिभेसारखा काटा असेल, तर ती टॅनिपोडिनी या शिकारी उपकुळातली. कायरोनोमसच्या बऱ्याच प्रजातींना शेपटाच्या थोडं अलीकडे बोटांसारख्या नळ्यांच्या दोन जोड्याही असतात, त्या साध्या भिंगातून दिसतात.

ही लक्षणं नीट लावून दाखवणारी अळ्यांची मोठी चावी, म्हणजे लक्षणांवरून टप्प्याटप्प्याने ओळख पटवणारा तक्ता, १९८३ मध्ये आली, तीही युरोप-उत्तर अमेरिकेसारख्या उत्तरेकडच्या प्रदेशांसाठी. सांगलीच्या आयर्विन पुलाखालच्या गाळातली अळी त्या चावीने बहुतेक वेळा वंशापर्यंत नेता येते, पुढे चावी अडते. जुळ्यासारख्या प्रजाती वेगळ्या काढायला लाळग्रंथींतली जाडजूड गुणसूत्रं पाहावी लागतात. बाल्बियानीने १८८१ मध्ये ती पहिल्यांदा पाहिली, ती याच अळीत.

एवढ्या खटाटोपानंतर नदीचं पाणी तपासताना काय होतं? ब्रिटनमधून आलेल्या आणि आपल्याकडेही रुळलेल्या गुणपद्धतीत १ ते १० गुण (जास्त गुण म्हणजे स्वच्छ पाण्याची खूण) कुळागणिक मिळतात आणि कायरोनोमिडींच्या अख्ख्या कुळाला २. मला ही सोय आळशीपणाची वाटते. महाबळेश्वरच्या थंड ओढ्यात दगडाला चिकटलेली हिरवट अळी आणि सांगलीचं सांडपाणी वाहणाऱ्या शेरीनाल्याच्या तोंडाशी गाळात रुतलेली लाल अळी, दोघींना तेच २.