चाचणीतला गुण आणि दवाखान्यातला गुण

औषधाची क्लिनिकल ट्रायल आणि औषध घेतलेल्यांचं पुढे काय झालं याचा अभ्यास, दोन्हींना आपण सरसकट संशोधन म्हणतो. पैकी ट्रायल कोकणातल्या लहान गावीही चोख होते, हे महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी दाखवलंय. विंचूदंशावर नुसतं प्राझोसिन हे औषध पुरे, की सोबत प्रतिविषही हवं? 70 रुग्णांचे दोन गट पाडून त्यांनी हे तपासलं. प्रतिविषवाले लवकर सावरले आणि 2011 मध्ये ते ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये छापून आलं. मुख्य मोजणी होती दहा तासांनंतरची. तोवर रुग्ण कुठे जाणार? समोरच्या खाटेवरच.

आता ब्लडप्रेशर घ्या. गोळ्यांमुळे पाच वर्षांत किती जणांचा अर्धांगवायू टळला, हा दुसऱ्या जातीचा प्रश्न. पाच वर्षांत आजी मुलाकडे विरारला जाते, गणपतीत येते तेव्हा पिशवीत तिथल्याच डॉक्टरच्या गोळ्या असतात. खलाशी ऑगस्टमध्ये बोटीवर गेला की औषध संपलं तरी उतरत नाही. सावंतवाडीकडचा पेशंट जास्त झालं की थेट गोव्याला, बांबोळीच्या मोठ्या सरकारी दवाखान्यात. एक बरं वाटलं म्हणून आला नाही, एकाला परवडेना, एक मुंबईत वारला. आपल्या रजिस्टरात तिघांचीही जागा सारखीच कोरी. उरलेल्यांवरून टक्केवारी काढली तर ती नियमित येणाऱ्यांची होते, गावाची नव्हे.

दुसरा घोळ त्याहून छुपा. ट्रायलमध्ये कोणाला काय द्यायचं ते चिठ्ठ्या टाकल्यासारखं ठरतं, डॉक्टरच्या मर्जीने नाही. दवाखान्यात डॉक्टर जास्त बिघडलेल्यालाच जोराचं औषध देतो, आणि द्यायलाच हवं. मग काही वर्षांनी हिशेब मांडला की जोराचं औषधच वाईट दिसतं! वय, साखर, किडनी हिशेबात धरून हे बरंचसं निस्तरता येतं, पण ते लिहिलेलं तर हवं. केसपेपरवर असतं काय? '१६०/१००, रिपीट ऑल.' म्हणजे प्रेशरचा आकडा, आणि त्याच गोळ्या पुन्हा. बाहेर पन्नास माणसं बसलेली असताना कोण जास्त लिहिणार?

म्हणून ट्रायल बिनकामाची असंही नाही. औषधात दम आहे का, हे तीच सांगते; फक्त तिच्यात बऱ्याचदा चार आजारांची सत्तरीतली आजी घेतलेलीच नसते.

परवानगी, संमती दोन्हीकडे लागते. पण दवाखान्यातल्या अभ्यासाला पैसे मिळाले तर माझ्या मते आधी सॉफ्टवेअर घेऊ नये. न आलेल्यांच्या घरी जाणाऱ्या माणसाला मानधन द्यावं, आणि आशाताईंना विचारावं. कोण कुठे गेलं, कोण कधी वारलं, त्यांना ठाऊक असतं.