मुळ्याचा झणका आणि हळदीची बाटली

मुळा किसायला घेतला की नाकात झणका जातो, डोळ्यांतून पाणी येतं. अख्ख्या मुळ्याला मात्र तो वास नसतो, कारण ते झणझणीत द्रव्य आत तयार नसतंच. त्याचा कच्चा माल एका कप्प्यात असतो आणि त्याला तोडणारं मायरोसिनेज हे विकर दुसऱ्या. किसणीनं कप्पे फुटले, दोघांची गाठ पडली की आयसोथायोसायनेट तयार होतं. कुरतडणाऱ्या अळीला हुसकावायला झाडानं केलेली ही तजवीज.

हे आठवलं ते मावशीकडच्या एका बाटलीमुळे. हळदीचा अर्क, सोबत मिरीचा अर्क, आणि वर छापलेलं, ‘मुक्तकणांचा नाश करून वार्धक्य रोखते’. मुक्तकण म्हणजे पेशींची मोडतोड करणारे अस्थिर रेणू. त्यांच्यामुळे म्हातारपण येतं ही कल्पना डेनहॅम हार्मन यांनी १९५६ साली मांडली. तेव्हापासून ‘अँटिऑक्सिडंट (मुक्तकणांना निकामी करणारे पदार्थ) खा, तरुण राहा’ हे इतक्या वेळा सांगितलं गेलंय की ते शाळेत शिकवल्यासारखं वाटतं.

पण हिशेब मांडून बघा. आपल्या पेशींमध्ये ग्लुटाथिऑन नावाचा घरचाच रक्षक भरपूर असतो. हळदीतलं करक्युमिन आतड्यातून जेमतेम शोषलं जातं आणि रक्तात ग्लुटाथिऑनच्या हजाराव्या हिश्शाइतकंही पोचत नाही. एवढंसं करक्युमिन मुक्तकणांशी समोरासमोर लढून काय फरक पाडणार? अर्काचा काही उपयोग असेलच, तर तो वेगळ्या वाटेनं व्हायला हवा.

ती वाट मला फार आवडते. पेशीत एनआरएफ-२ नावाचं प्रथिन सतत बनत असतं आणि कीप-१ नावाचं दुसरं प्रथिन त्याला धरून सतत मोडीत पाठवत असतं. साधारण वीस मिनिटांत निम्मं एनआरएफ-२ संपतं. बनवायचं आणि लगेच मोडायचं, हा उद्योग कशाला? तर संकट आलं की नव्यानं बनवत बसायला नको, मोडणं थांबवलं की झालं. कीप-१च्या अंगावर सिस्टीन या अमिनो आम्लाचे गंधकाचे हुक आहेत. मुळ्यातलं आयसोथायोसायनेट किंवा करक्युमिन या गंधकाला चिकटतं, कीप-१चं काम अडतं, आणि एनआरएफ-२ साचत जाऊन केंद्रकात शिरतं. तिथे ते लहान मॅफ प्रथिनांशी जोडी जमवून डीएनएच्या ठरावीक जागांवर बसतं आणि शेकडो जनुकं जागी करतं. त्यांत ग्लुटाथिऑन बनवणारी जनुकं असतात, विषं निकामी करणाऱ्या विकरांची असतात. कीप-१चा हा उलगडा जपानमध्ये मासायुकी यामामोतो यांच्या गटानं १९९९ मध्ये केला.

आता पुन्हा तो झणका आठवा. नाकातल्या मज्जातंतूंवर टीआरपीए-१ नावाचं एक दार आहे. आयसोथायोसायनेट तेही सिस्टीनच्या गंधकाला चिकटूनच उघडतं. नाकाला झोंबणारं आणि पेशीला सावध करणारं रसायन एकच! म्हणजे या अर्कांचा गुण त्यांच्या सौम्य विषारीपणात आहे. पेशी तो चिमटा ओळखते आणि स्वतःची ढाल उचलते.

वयाबरोबर ही ढाल उचलणं मंदावतं, असं प्राण्यांवरच्या प्रयोगांत दिसलंय. म्हणूनच संशोधकांना वनस्पतींबद्दल आशा वाटते, आणि मलाही वाटते. माणसांमधला पुरावा मात्र तोकडा आहे. अमेरिकेत पंचाहत्तरी गाठलेल्या ३,०६९ लोकांवर गिंको झाडाच्या अर्काची चाचणी झाली. रोज दोनदा १२० मिलिग्रॅम, सरासरी सहा वर्षं. २००८ मध्ये निकाल आला : स्मृतिभ्रंश काही कमी झाला नाही. करक्युमिननं स्मरणशक्ती सुधारल्याचं २०१८ सालच्या एका अभ्यासात दिसलं, पण त्यात माणसं होती अवघी चाळीस. तेवढ्यावर ‘वय उलटं फिरतं’ असं छापणं ही लोकांच्या भीतीवर चालवलेली दुकानदारी आहे. आणि ‘नैसर्गिक आहे, अपाय कसा होईल?’ असं म्हणणाऱ्यांनी धोतरा आणि कण्हेर आठवावी.

चिमटा सतत चालू राहिला तर काय, हाही प्रश्न आहेच. फुफ्फुसाच्या काही कर्करोगांत कीप-१चं जनुक बिघडलेलं असतं. एनआरएफ-२ कायम मोकाट राहतं आणि ती ढाल कर्कपेशीच वापरतात.

राहिली मिरी. बंगळूरमधल्या संशोधकांनी १९९८ साली दाखवलं की मिरीतलं पिपरिन सोबत दिलं तर माणसात करक्युमिनचं शोषण वीसपट होतं. कारण करक्युमिनला बाहेर काढणारी यकृत-आतड्यांतली यंत्रणा पिपरिन मंद करतं. पण औषधांचा निचराही अशाच यंत्रणांमधून होतो. रक्तदाबावरचं प्रोप्रॅनोलॉल आणि दम्यावरचं थिओफायलिन या औषधांची रक्तातली पातळी पिपरिनमुळे वाढते, हे माणसांत तपासलेलं आहे. शिवाय हळदीच्या गोळ्यांनंतर यकृताला सूज आल्याच्या नोंदी इटली आणि अमेरिकेत झाल्या आहेत. भाजीतल्या चमचाभर हळदीत करक्युमिन सुमारे तीन टक्के असतं, गोळीत ते अर्क काढून एकवटलेलं.

मावशीच्या गोळ्यांच्या डब्यात रक्तदाबाची एक गोळी सकाळची आहे, एक रात्रीची. ती बाटली आणि तो डबा, दोन्ही एकाच पिशवीत घालून डॉक्टरांपुढे ठेव, असं मी तिला सांगितलंय. बाटलीबद्दल तिनं त्यांना अजून एका शब्दानं सांगितलेलं नव्हतं. ‘ते काय औषध आहे का?’ म्हणाली.