नसबंदीचं ऑपरेशन केलं की अंडाशय बिघडतात का?

"ऑपरेशन झालं आणि तेव्हापासून अंगावरून जास्त जायला लागलं" हे वाक्य आपल्याकडे बायकांमध्ये सर्रास ऐकू येतं, आणि ऑपरेशनने अंडाशय बिघडले असा त्याचा अर्थ लावला जातो. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात 15 ते 49 वयाच्या विवाहित बायकांपैकी 37.9 टक्के जणींचं हे ऑपरेशन झालेलं होतं (पुरुष नसबंदी 0.3 टक्के, त्यावर वेगळं लिहावं लागेल!).

खरं तर यात अंडाशयाला हातच लावत नाहीत, फक्त गर्भनलिका (अंडाशयातलं बीज गर्भाशयाकडे नेणाऱ्या नळ्या) बंद करतात. बाळंतपणानंतर लगेच केलं तर बहुतेक वेळा नळीचा छोटा लूप बांधून मधला तुकडा कापतात, दुर्बिणीतून केलं तर सिलिकॉनची रिंग किंवा क्लिप बसवतात, काही ठिकाणी करंटने नळी जाळतात.

मग शंका येते कुठून? तर रक्तपुरवठ्यावरून. अंडाशयाला रक्त दोन बाजूंनी मिळतं, एक धमनी थेट महाधमनीतून येते आणि दुसरी गर्भाशयाच्या धमनीची फांदी, ती नळीच्या अगदी जवळून जाते, त्यामुळे जाळताना आजूबाजूचा भाग जास्त भाजला तर हा पुरवठा कमी होईल अशी भीती. भीती अगदीच निराधार नाही, पण एक वाट अडली तरी दुसरी चालू असते.

अमेरिकेत 'क्रेस्ट' नावाचा मोठा अभ्यास झाला, 2000 साली निकाल आला. ऑपरेशन झालेल्या 9514 बायकांची तुलना नवऱ्याने नसबंदी केलेल्या 573 जणींशी केली. ऑपरेशनवाल्यांमध्ये रक्तस्राव किंवा दुखणं वाढलेलं दिसलं नाही, उलट थोडं कमीच, फक्त पाळीची अनियमितता जरा जास्त. अंडाशयातला बीजसाठा दाखवणाऱ्या एएमएच टेस्टमध्येही बहुतेक अभ्यासांत विशेष फरक दिसत नाही.

मग त्रास होतो तो खोटा का? अजिबात नाही. गर्भनिरोधक गोळ्यांनी पाळी हलकी असते, ऑपरेशननंतर त्या बंद झाल्या की मूळची पाळी परत येते. शिवाय वय वाढतं, फायब्रॉइड (गर्भाशयातल्या गाठी), थायरॉइडचा त्रास निघतो.

गंमत बघा, या त्रासाला कंटाळून कित्येक जणी पिशवीच (गर्भाशय) काढून टाकतात, आणि त्यात मात्र गर्भाशयाकडून येणारा पुरवठा खरोखरच तुटतो, अंडाशय ठेवले तरी मेनोपॉज लवकर येण्याची शक्यता वाढते. बीडच्या ऊसतोड बायकांची पिशवी काढण्याची प्रकरणं 2019 मध्ये गाजली होती. म्हणून पिशवी काढा असं कोणी सांगितलं तर आधी सोनोग्राफी, हिमोग्लोबिन, थायरॉइड करून घ्या आणि गोळ्यांनी किंवा कॉपर-टीसारखं आत बसवायच्या हार्मोनच्या साधनाने भागेल का ते विचारा.