तळ्याकाठी गारठा कुठून उतरतो?

जांबोटी ओलांडून कणकुंबीकडे निघालं की रस्त्याच्या दोन्ही अंगांनी रान दाटत जातं. तिकडंच माझ्या मित्राच्या मामांचं शेत आहे आणि शेताच्या खालच्या बाजूला एक तळं. होळीनंतरच्या आठवड्यात आम्ही चौघे तंबू घेऊन तिथं गेलो. बेळगावात दिवसभर पंख्याखाली घाम पुसत बसलेली माणसं आम्ही. तंबू पाण्याला जितका जवळ तितका बरा, एवढाच हिशेब. मामा म्हणाले, "खाली नको रे पोरांनो, वर जांभळीखाली ठोका. गारठा उतरतोय तिथं." आम्ही ऐकलं नाही. पहाटे तीनला चौघेही उठून बसलो होतो. तंबू आतून ठिबकत होता.

मामांचं ते 'उतरतोय' शब्दशः खरं होतं.

हा सगळा पट्टा समुद्रसपाटीपासून साडेसातशे-आठशे मीटरवर आहे. दर हजार मीटरला हवा सरासरी साडेसहा अंशांनी थंड होते, म्हणजे चोर्ला घाट उतरून गोव्यात गेलं तर पाचेक अंशांचा फरक दिसायला हवा. पण एप्रिलच्या दुपारी बेळगाव पणजीपेक्षा जास्तच तापतं. तिथं समुद्रावरून वारं येतं. इथं उघडा जांभा आणि कोरडी माती. उंचीचा लाभ आपल्या पदरात पडतो तो रात्री.

सूर्य बुडाला की जमीन दिवसाची उष्णता अवरक्त किरणांच्या रूपात आकाशाकडे सोडू लागते. ढग असतील तर ते त्यातली बरीच परत खाली पाठवतात. मार्चमधलं आकाश मात्र निरभ्र, हवेत बाष्प कमी. जमीन भराभर निवते आणि तिला चिकटलेली हवाही निवते. आठशे मीटरवर एक घनमीटर हवेचं वजन साधारण १.१ किलो असतं. ती तीन अंशांनी गार झाली की त्यात जेमतेम दहा-अकरा ग्रॅमची भर पडते. तेवढं पुरतं. जड झालेली हवा उतारावरून पाण्यासारखी सावकाश घरंगळते, ओघळ धरते, बांधापाशी तुंबते आणि सगळ्यात खोल जागी साचते. आमच्याकडं सगळ्यात खोल जागा म्हणजे तळं.

दुसऱ्या रात्री आम्ही हे डोळ्यांनी पाहिलं. चढावर बांधाच्या कडेला जमिनीपासून वीतभर उंचीवर उदबत्ती खोचली आणि बॅटरी मारली. झाडाचं पान हलत नव्हतं. धूर चार बोटं सरळ वर गेला, मग वाकला आणि दोरीसारखा लांबत तळ्याच्या दिशेनं चालू लागला. तीच उदबत्ती डोक्याइतकी उंच धरली तर धूर कुठंही भरकटत होता. गार हवेचा थर किती पातळ असतो, ते एका उदबत्तीत कळलं.

मग तळ्याचं पाणी बर्फासारखं असेल? पहाटे हात घातला तर चक्क कोमट. एक किलो पाणी एका अंशानं तापवायला ४.२ किलोज्यूल लागतात; कोरड्या मातीला त्याच्या पाचव्या हिश्श्यात भागतं. म्हणून माती पटकन तापते, पटकन निवते. पाणी दोन्ही बाबतींत आळशी. या कोमट पाण्यावर गार हवा येऊन बसते, पाण्यातून उठणारी वाफ तिच्यात लगेच थिजते आणि उजाडताना तळ्यावर धुक्याचे पुंजके दिसतात. फोटो काढायला फार छान. झोपायला नाही, कारण तंबूही त्याच दमट हवेत असतो.

शिवाय झोपलेला माणूस श्वासातून आणि कातडीतून रात्रभरात पाव लीटरच्या आसपास पाणी बाहेर टाकतो. चौघांचं लीटरभर झालं! तंबूचं वरचं कापड आकाशाकडे उष्णता सोडून हवेपेक्षाही थंड झालेलं असतं, त्यावर ही वाफ थेंब धरते. तंबू गळतो म्हणून आम्ही दुकानदाराला शिव्या घातल्या. ते पाणी आमचंच होतं. झाडाखाली तंबू असला तर वरची पानं उघड्या आकाशापेक्षा पुष्कळ ऊबदार, कापड तितकं निवत नाही. फक्त ठोकण्याआधी वर पाहावं, वाळकी फांदी लोंबत नाही ना.

अंगाखाली काय घ्यायचं, तेही मामांनीच दाखवलं: भाताचं पिंजर, वर घोंगडं. आमच्या महागड्या स्लीपिंग बॅगा पाठीखाली दबून चपट्या झाल्या होत्या. ऊब धरते ती आत अडकलेली हवा. ती दाबून काढली की उरतं नुसतं कापड. पिंजराच्या पोकळ काड्या माणसाच्या वजनाखालीही बरीच हवा राखून ठेवतात.

एका गोष्टीचं खापर मात्र उंचीवर फोडू नये. भात कच्चा राहिला तेव्हा आमच्यातल्या एकानं "इतक्या उंचीवर असंच होतं" म्हणून शास्त्र सांगितलं. आठशे मीटरवर पाणी ९७ अंशांच्या थोडं वर उकळतं. त्यानं भात अडत नाही. लाकडं ओली होती.

दुसऱ्या सकाळी मामा दूध घेऊन आले. आम्ही जांभळीखाली, कोरडे. त्यांनी आम्हाला खाली पहिल्या रात्रीच्या जागेवर नेलं आणि चिखलाकडे बोट केलं. गव्यांचे ताजे खूर, पाण्यापर्यंत गेलेले आणि परत आलेले. "गारठ्याचं खरंच हाय," ते म्हणाले, "पण ह्यांचं आधी सांगितलं असतं तर तुम्ही राहायलाच आला नसता."