फुकटच्या जमिनीवर विकतचे मजले

मुंबईत जमिनीचे भाव आभाळाला भिडलेले, त्यामानाने बांधकाम स्वस्त. अंधेरी-गोरेगावकडे सिनेमाची दृश्यं संगणकावर रचणारे व्हीएफएक्स स्टुडिओ आहेत. या धंद्यात हिशेब उलटा. मोठ्या स्टुडिओंत संगणकांवर विंडोजऐवजी सहसा लिनक्स ही ऑपरेटिंग सिस्टिम असते, तिला दमडीही मोजावी लागत नाही. पण तिच्यावर चालणाऱ्या माया, हुडिनी, न्यूक या दृश्यं रचायच्या सॉफ्टवेअरच्या परवान्यांचं बिल लाखांच्या घरात जातं.

तरी ‘लिनक्सवर विकतचं काही चालत नाही’ हा समज जुना आहे. थोडी धास्ती कायद्याची. लिनक्सचा गाभा जीपीएल परवान्याखाली आहे: त्यात बदल करून तो वाटलात, तर मूळ कोड, म्हणजे प्रोग्रॅम ज्यातून बनतो तो मजकूरही द्यायचा. गाभ्याच्या आधारावर चालणाऱ्या प्रोग्रॅमलाही हे लागू होईल का? नाही. लिनक्सचा जनक लिनस टोरवाल्ड्सने परवान्यासोबतच तशी स्पष्ट टीप जोडली आहे. शिवाय जीपीएल विक्रीला मनाई करतच नाही. मुक्त सॉफ्टवेअर चळवळ उभी करणारे रिचर्ड स्टॉलमन स्वतः १९८५ मध्ये ईमॅक्स या आपल्या मजकूर-संपादकाची टेप १५० डॉलरला विकत होते. इंग्रजीत ‘फ्री’ या एकाच शब्दाने घोळ होतो. आपल्याकडे मुक्त वेगळं आणि फुकट वेगळं.

खरी अडचण तांत्रिक आहे. प्रोग्रॅम म्हणजे लग्नाचा आचारी समजा. तो झारा घेऊन येतो. शेगडी, पातेली हॉलची. ही पातेली म्हणजे सगळ्या प्रोग्रॅमना सामायिक असलेल्या लायब्ररी, तयार कोडचे संच. लिनक्सचे हॉल, म्हणजे वेगवेगळ्या गटांनी बांधलेले त्याचे अवतार, मात्र शेकडो, डेबियन, उबुंटू, फेडोरा वगैरे, आणि प्रत्येकाच्या पातेल्यांचं माप निराळं. मुक्त प्रोग्रॅमची पाककृती, म्हणजे मूळ कोड, उघडी असते, म्हणून हॉलवालेच ती आपल्या भांड्यांना जुळवून घेतात. विकतच्या प्रोग्रॅमची पाककृती गुपित. त्यामुळे कंपनी एक-दोन हॉल ठरवते आणि बाकीच्यांना हात जोडते. व्हीएफएक्सवाल्यांनी यावर नामी तोड काढली: २०१४ पासून कोणत्या वर्षी कोणत्या लायब्ररीची कोणती आवृत्ती वापरायची, याची यादीच ते ठरवतात. प्रोग्रॅम लायब्ररींसकट बांधून देणारी स्नॅप आणि फ्लॅटपॅक ही सोय म्हणजे आचाऱ्याने पातेलीही सोबत आणणं. टेम्पो मोठा लागतो, एवढंच.

घरगुती संगणकावर मात्र विकतचं सॉफ्टवेअर आपटलं. कोरेल कंपनीने २००० मध्ये वर्डपरफेक्टचा अख्खा ऑफिस संच लिनक्सवर आणला. त्याच वर्षी सन कंपनीने स्टारऑफिस या आपल्या ऑफिस संचाचा कोड खुला केला आणि त्यातून फुकटचं ओपनऑफिस आलं. कोरेलने लवकरच लिनक्सचा नाद सोडला. मुंबईच्या संगणक-बाजारात, लॅमिंग्टन रोडवर तर तिसराच गडी होता: चोरट्या सीडी. विंडोज आणि ऑफिस फुटपाथवर चिल्लरीत मिळत असताना लिनक्सच्या फुकटपणाचं कौतुक कुणाला? माझ्या मते या सीडींनी मुक्त सॉफ्टवेअरचंच अधिक नुकसान केलं.

पैसा निघाला तो काम थांबलं की तोटा होतो तिथे. लिनक्सचा आपला अवतार बनवणाऱ्या रेड हॅट कंपनीने तेच हेरलं. कोड सगळ्यांसाठी खुला ठेवून तिने वर्गणी लावली ती दुरुस्त्यांची आणि अडल्यावेळी फोन उचलण्याची. २०१९ मध्ये आयबीएमने तिला ३४ अब्ज डॉलरला विकत घेतलं.

स्टुडिओ मात्र चतुर. रेड हॅटच्याच खुल्या कोडवरून बांधलेलं, विनावर्गणी सेंटओएस त्यांनी वर्षानुवर्षं वापरलं. त्याची सातवी आवृत्ती जून २०२४ मध्ये निवृत्त झाली, तेव्हा अनेकांनी बिऱ्हाड रॉकी लिनक्सवर हलवलं. तीही जमीन फुकटचीच, आणि वर माया, हुडिनीचे तेच महागडे मजले.