बूट पार्टिशन भरलं म्हणून फाइली हाताने उडवू नका

‘बूट भरलं की जुन्या कर्नलच्या फाइली आरएम करून टाका’, हा सल्ला लिनक्सवाल्यांत वर्षानुवर्षं फिरतोय. बूट म्हणजे मशीन सुरू करणाऱ्या फाइलींचं पार्टिशन, कर्नल म्हणजे सिस्टिमचा गाभा, आणि आरएम म्हणजे फाइल थेट पुसणारी कमांड. जागा सुटते, हे खरं. पण डेबियन-उबंटूमध्ये डीपीकेजी या पॅकेजेस सांभाळणाऱ्या प्रोग्रॅमच्या नोंदीत तो कर्नल अजून इन्स्टॉल केलेलाच असतो. ग्रबच्या, म्हणजे मशीन सुरू होताना कर्नल निवडायच्या, मेन्यूत त्याचं नाव तसंच राहतं. ते निवडलंत तर फाइलच सापडत नाही. त्याची मॉड्यूल्स (ड्रायव्हरसारखे जोडभाग) रूट, म्हणजे मुख्य, पार्टिशनवर जागा अडवून बसतात ती वेगळीच. आणि घाईत चालू कर्नलची फाइल गेली, तर रीस्टार्ट केल्यावर मशीन अडू शकतं.

म्हणून आधी ‘यूनेम -आर’ने चालू कर्नल बघा. मग ‘सुडो ॲप्ट ऑटोरिमूव्ह --पर्ज’ चालवा; ही कमांड आता न लागणारी पॅकेजेस, जुने कर्नलही, रीतसर काढते. काय काढणार याची यादी येते, ती नीट वाचूनच होकार द्या.

खरी पंचाईत बूट पूर्ण भरल्यावर होते: अपडेट अर्धवट राहतं आणि ॲप्टच अडकतं. तेव्हा चालू नसलेल्या एका जुन्या कर्नलची इनिटआरडी फाइल (सुरू होताना कर्नलला लागणारी) होम फोल्डरमध्ये हलवा. बूटमधली सर्वांत जास्त जागा बहुधा याच फाइली खातात. मग अर्धवट राहिलेलं काम पूर्ण करायला ‘सुडो ॲप्ट -एफ इन्स्टॉल’, त्यानंतर ऑटोरिमूव्ह. नीट चालणारा एक जुना कर्नल मात्र राहू द्या.