जुन्या कामगाराला कामावरून काढले तर : पात्रता, कागदपत्रे आणि नागपुरात अर्ज कुठे करायचा

हिंगणा, बुटीबोरी, कळमेश्वरच्या कारखान्यांत पंधरा-वीस वर्षे राबलेल्या माणसाला गेटवरच 'उद्यापासून येऊ नको' असे सांगतात, हातात कागद देत नाहीत. पुढे मालक म्हणतो, 'तो आपणहून यायचा थांबला.' म्हणून पहिल्याच आठवड्यात कंपनीला स्पीड पोस्टाने पत्र पाठवा : अमुक तारखेला मला तोंडी कामावरून काढले, मी कामावर यायला तयार आहे. पत्राची प्रत, पावती आणि पत्र पोहोचल्याची प्रिंट जपून ठेवा. पुढची सगळी केस या कागदावर उभी राहते.

21 नोव्हेंबर 2025 पासून औद्योगिक संबंध संहिता, 2020 (कामगार-मालक वादांचा केंद्रीय कायदा) लागू आहे. व्यवस्थापकीय पदांना तिचे संरक्षण नाही. महिना 18,000 रुपयांवर पगार घेणाऱ्या सुपरवायझरलाही नाही. मात्र पदाच्या नावापेक्षा प्रत्यक्ष काम पाहिले जाते, त्यामुळे नुसते 'सुपरवायझर' लिहिले म्हणून घाबरू नका. बारा महिन्यांत 240 दिवस भरले (खाणीत जमिनीखाली 190) की वर्षाची सलग सेवा धरतात; कपातीच्या भरपाईचा हक्क तिच्यावरच ठरतो. पगारी रजा आणि पगारी साप्ताहिक सुट्ट्याही त्यात मोजा. बरेच जण त्या सोडून देतात आणि आकडा कमी पडतो.

कामगार कपात असेल तर कारणासह एक महिन्याची लेखी नोटीस किंवा तेवढा पगार, शिवाय प्रत्येक वर्षामागे 15 दिवसांचा सरासरी पगार भरपाई म्हणून द्यावा लागतो. सहा महिन्यांवरचा तुकडा पूर्ण वर्ष धरतात : 18 वर्षे 7 महिने म्हणजे 19 वर्षे, 285 दिवसांचा पगार. ग्रॅच्युइटी वेगळी. 300 किंवा अधिक कामगारांच्या कारखान्याला तीन महिन्यांची नोटीस आणि सरकारची आधी परवानगी लागते. गैरवर्तनासाठी बडतर्फ केले असेल तर ही भरपाई नाही, पण आरोपपत्र, चौकशी आणि बाजू मांडण्याची संधी दिली होती का, हे तपासा.

240 दिवस सिद्ध करण्याचा भार कामगारावर असतो. हजेरीपट कंपनीकडे अडकलेला असतो, म्हणून पीएफ पासबुकची प्रिंट, बँक स्टेटमेंट, पगारपत्रके, ईएसआयसी कार्ड, गेटपास आणि नेमणूकपत्र जोडा. ठेकेदार बदलत राहिला असेल तर पासबुकमधला सलग भरणा सगळ्यात बोलका.

खासगी कारखान्यातील कामगारांनी सिव्हिल लाईन्समधील राज्याच्या कामगार आयुक्त कार्यालयात समेट अधिकाऱ्याकडे (कामगार-मालकात तडजोड घडवणारा सरकारी अधिकारी) अर्ज द्यावा आणि आपल्या प्रतीवर आवक शिक्का घ्यावा. वेकोलि (वेस्टर्न कोलफिल्ड्स, कोळसा कंपनी), रेल्वे, राष्ट्रीयीकृत बँकेतल्यांनी केंद्राच्या कामगार आयुक्तांकडे जावे. चुकीच्या दारात महिने वाया जातात. अर्ज दिल्यापासून 45 दिवसांत तोडगा निघाला नाही तर थेट औद्योगिक न्यायाधिकरणात जाता येते, पण कामावरून काढल्यापासून दोन वर्षांच्या आत.

कोऱ्या कागदावर किंवा राजीनाम्यावर सही करू नका. हिशेबाचा चेक घ्यावाच लागला तर पावतीवर 'हक्क राखून स्वीकारला' असे लिहूनच सही करा.